‘सामगुक युसा’ : अयोध्येच्या राजकन्येपलीकडे काय आहे त्या पुस्तकात?

पिंपळपान

मंडळी,

अयोध्येची राजकन्या दोन हजार वर्षांपूर्वी जहाजात बसून कोरियाला गेली आणि तिथली राणी झाली, हा फॉरवर्ड इथल्या प्रत्येकाला एकदा तरी आलेला असणारच. शरयूकाठी तिचं स्मारक आहे, २०१८ च्या दिवाळीत दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी तिथे येऊन गेल्या, पुढच्या वर्षी दोन्ही देशांनी टपाल तिकिटं काढली, हे सगळं त्यात असतं. ही गोष्ट मुळात लिहून कुणी ठेवली, ते मात्र कधीच नसतं. आणि खरी मजा त्या लिहिणाऱ्यात आहे, राजकन्येत नाही, असं माझं मत आहे. म्हणून हा धागा.

पुस्तकाचं नाव ‘सामगुक युसा’. कोगुर्यो, पेकचे आणि सिल्ला या तीन जुन्या राज्यांबद्दलच्या, इतिहासातून मागे उरलेल्या गोष्टी. लिहिणारा इर्यॉन नावाचा बौद्ध भिक्खू, जन्म १२०६, मृत्यू १२८९. १२८१ च्या सुमारास हे तयार झालं असं मानतात. भाषा अभिजात चिनी, कारण तिकडची शिकलेली माणसं तेव्हा त्याच भाषेत लिहायची. पाच खंड आहेत आणि त्यांत राजांच्या वंशावळीपासून वाघिणीच्या प्रेमकथेपर्यंत काहीही सापडतं.

त्याच्याआधी ११४५ मध्ये किम बुशिक या दरबारी विद्वानाने राजाज्ञेवरून ‘सामगुक सागी’ हा अधिकृत इतिहास सिद्ध केला होता. कन्फ्यूशियन शिस्तीचा माणूस. राजे, लढाया, वकिलाती, ग्रहणं, सगळं तारीखवार. अंड्यातून जन्मलेले राजे त्याने घेतले खरे, पण नाक मुरडत. इर्यॉन पहिल्याच प्रकरणाच्या तोंडाशी या मंडळींना कोपरखळी मारतो. म्हणतो, थोर पुरुष अद्भुताबद्दल बोलत नसत हे कबूल. पण चीनच्याच प्राचीन सम्राटांच्या जन्मकथा काढून बघा. कुणाच्या आईला इंद्रधनुष्याने वेढलं, कुणाच्या आईने भल्यामोठ्या पाऊलठशावर पाय ठेवला आणि दिवस गेले. मग आमच्या राज्यांचे संस्थापक अद्भुत रीतीने जन्मले तर त्यात नवल ते काय?

ही कोपरखळी मारायची वेळ कुठली, ते बघा. १२३१ पासून मंगोल फौजा कोरियात शिरत होत्या. पुढच्याच वर्षी दरबार गांगह्वा बेटावर पळाला आणि मुलूख वाऱ्यावर सोडला. पुढे जवळपास तीस वर्षं ही धुमश्चक्री चालली. सिल्लाची जुनी राजधानी ग्योंगजू. तिथे ह्वांगन्योंगसा मठात नऊ मजली लाकडी मनोरा होता, ६४५ मध्ये पुरा झालेला. १२३८ च्या हिवाळ्यात तो मठासकट जळाला. इर्यॉन तेव्हा बत्तिशीत. मनोऱ्याची हकीगत तो बैजवार सांगतो : राणी सॉनदॉकने पेकचेहून, म्हणजे शत्रूच्याच राज्यातून, अबिजी नावाचा कारागीर बोलावला. मधला खांब उभा करायचा त्या दिवशी अबिजीला आपलं राज्य बुडाल्याचं स्वप्न पडलं, त्याचा हात थांबला. तेवढ्यात जमीन हादरली, अंधारून आलं, मंदिरातून एक म्हातारा भिक्खू आणि एक पैलवान बाहेर आले, खांब उभा करून दिसेनासे झाले. अबिजीने मुकाट्याने काम पुरं केलं. एवढं सगळं रंगवून शेवटी इर्यॉन कोरडी नोंद करतो, की अमुक राजाच्या अमुक वर्षी मंगोलांच्या स्वारीत मनोरा, मूर्ती, दालनं सगळं जळालं. हळहळ नाही, काही नाही. तारीख लिहून पुढे जातो.

त्याच मठातल्या भल्याथोरल्या बुद्धमूर्तीची गोष्ट तर आपल्यासाठीच आहे. समुद्रातून एक मोठं जहाज किनाऱ्याला लागलं. त्यात ५७,००० गुन लोखंड (गुन हे तिकडचं वजनाचं माप), सोनं, मूर्तींचे नमुने आणि एक पत्र. पत्र सम्राट अशोकाचं! आपण बुद्धाची मूर्ती घडवायला गेलो, जमली नाही, म्हणून सामान समुद्रात सोडतो आहे, ज्या देशाचं भाग्य असेल तिथे मूर्ती होवो. एका पाठानुसार ते जहाज जंबुद्वीपातली सोळा मोठी राज्यं, पाचशे मध्यम राज्यं, दहा हजार लहान राज्यं आणि ऐंशी हजार गावं फिरलं, कुठेही ओतकाम साधलं नाही. सिल्लात ५७४ मध्ये पहिल्याच फटक्यात साधलं. अशोकाला जाऊन तेव्हा आठशे वर्षं होऊन गेली होती, पण जहाजाला काय घाई!

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. हिच्यात चमत्कार जवळजवळ नाहीच. पाचव्या खंडात, अगदी शेवटच्या प्रकरणात, चिनजॉंग नावाच्या भिक्खूची हकीगत आहे. संन्यास घेण्याआधी तो सैन्यात होता. गरिबी अशी की लग्न झालं नाही. सैन्यातल्या कामातून वेळ काढून मोलमजुरी करायची आणि विधवा आईला पोसायचं. घरात मालमत्ता म्हणजे एक पाय मोडलेलं लोखंडी भांडं. एक दिवस एक भिक्खू दारात आला, मठाच्या बांधकामाला लोखंड मागत होता. आईने ते भांडं देऊन टाकलं. मुलगा घरी आला तेव्हा तिने त्याला सांगितलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो खूश झाला. म्हणाला, भांड्यावाचून काय अडतंय? आणि मातीच्या परातीत भात शिजवू लागला.

पुढे त्याने आईला सांगितलं, तुझं सगळं झालं की मी उइसांग गुरूंकडे जाईन. म्हणजे तू गेल्यावर. आई म्हणाली, धर्म भेटणं अवघड, आयुष्य थोडं, माझं झाल्यावर जाशील तर उशीर होईल, आत्ताच नीघ. तो ऐकेना. तुझ्या म्हातारपणी मीच एकटा आधार, मी कसा जाऊ? ती म्हणाली, माझ्यामुळे तू राहिलास तर मला नरकात ढकलल्यासारखं होईल. मग उठून तिने पोतं झाडलं. सात मापं तांदूळ निघाले. सगळे शिजवले. म्हणाली, वाटेत शिजवत बसलास तर रखडशील. एक माप इथे माझ्यासमोर खा, सहा बांधून घे आणि चालू लाग. त्याने तीनदा नाही म्हटलं, तिने तीनदा भरीला घातलं. तो रात्रंदिवस चालत तीन दिवसांत तेबेक डोंगरावर पोचला. तीन वर्षांनी आई गेल्याचा निरोप आला.

इर्यॉन स्वतः नऊ वर्षांचा असताना घरातून मठात गेला होता. १२८३ मध्ये त्याला राष्ट्रगुरूचं पद मिळालं, तेव्हा राजधानीत न राहता तो आईजवळ परत आला. आई नव्वदीच्या पुढे होती. दुसऱ्या वर्षी, ९६ व्या वर्षी, ती गेली. चिनजॉंगची गोष्ट त्याने आधी लिहिली की नंतर, त्याने काय फरक पडतो? तिचा शब्द न् शब्द कुणी लिहिला आहे ते कळतं.

तुमच्यापैकी कुणी वाचलंय का? कोरियात राहिलेल्यांनी जरूर भर घाला.

रात्रपाळी

वाचनखूण साठवली आहे. पाय मोडलेल्या भांड्यापाशी थांबलो. बाकीचं उद्या वाचतो.

शंकासुर

लेख छान, पण राजकन्येला इतक्या सहज बगल देऊ नका हो. लोक त्याच्यासाठीच धागा उघडणार. सरळ सांगा : ती अयोध्येहून गेली होती की नाही?

पिंपळपान

@शंकासुर, मूळ मजकुरात काय आहे तेवढं सांगतो, निकाल तुम्ही लावा.

इ.स. ४८ मध्ये तांबड्या शिडाचं, तांबड्या निशाणाचं जहाज कोरियाच्या दक्षिण टोकाला किमहेच्या किनाऱ्याला येतं. तिथल्या गाया राज्याच्या राजा सुरोने माणसं पाठवली आणि थेट महालात चला म्हणाले, तर ती बाणेदारपणे म्हणते, तुमची माझी ओळख ना देख, मी अशी उठून कशी येऊ? मग राजा स्वतः डोंगराच्या पायथ्याशी तंबू ठोकून वाट बघतो. ती येण्याआधी अंगातला रेशमी सुरवार काढून डोंगराच्या देवतेला वाहते. मग रात्री सांगते : मी अयुता देशाची राजकन्या, आडनाव हो, नाव ह्वांग-ओक, वय सोळा. आई-वडिलांच्या स्वप्नात स्वर्गाचा स्वामी आला आणि मुलीला सुरोकडे पाठवा म्हणाला.

हा मजकूर इर्यॉनचा स्वतःचा नाही, आणि तो तसं स्पष्ट लिहितो. किमहेत नेमणुकीवर असलेल्या एका अधिकाऱ्याने अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात गाया राज्याची बखर लिहिली होती, ती मी संक्षेपाने देतो आहे, असं तो सुरुवातीलाच सांगतो. म्हणजे घटना पहिल्या शतकातली, लेखन हजार वर्षांनंतरचं आणि आपल्या हातात आहे तो त्याचाही संक्षेप.

शंकासुर

बघा, मी म्हणत नव्हतो? राजकन्या अयोध्येची आणि आडनाव ‘हो’. सोबतच्या दोन सरदारांची नावंही चिनी वळणाची. आणि मी इंग्रजी भाषांतर चाळलंय, तिने जहाजातून आणलेला माल चिनी बाजारातला आहे असं त्यातच लिहिलंय. शिवाय पहिल्या शतकात त्या शहराचं चलनी नाव साकेत होतं. इतकी छिद्रं असलेली होडी कोरियापर्यंत तरंगली हेच नवल.

तांबडफुटी

साकेत आणि अयोध्या एकच का, हा वेगळा धागा होईल. इथे नको, हात जोडते.

पण थायलंडवाल्यांचा मुद्दा तरी निकालात काढू. ‘अयुता म्हणजे तिकडचं अयुथया’ असं बरेच जण लिहितात. अयुथया शहर वसलं १३५१ मध्ये. इर्यॉन त्याच्या बासष्ट वर्षं आधी वारला आणि बखर तर त्याहून जुनी. तेव्हा ते नाव तिथून उचललेलं असूच शकत नाही. राहता राहिलं अयोध्येचं नाव. ते बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांतून कोरियन भिक्खूंना चांगलं माहीत होतं. राजघराण्याच्या मूळ आईचं माहेर बुद्धाच्या देशात असावं असं बौद्ध झालेल्या वंशजांना वाटलं, तर ते समजण्यासारखं आहे. आपल्याकडे किती घराणी आपलं मूळ सूर्यापर्यंत नेतात!

दुभाषी

मी रांजणगावच्या पट्ट्यात कोरियन साहेबांची दुभाषी म्हणून काम करते, त्यामुळे थोडं आतलं सांगते.

तिकडे आडनाव आणि मूळ गाव मिळून कुळ ठरतं. किमहे-किम हे कोरियातलं सगळ्यात मोठं कुळ. ते स्वतःला राजा सुरोचे वंशज म्हणवतात. कथेनुसार राणीने आपल्या दोन मुलांना स्वतःचं आडनाव लावायला सांगितलं, त्यांचा वंश किमहे-हो. ही दोन कुळं एकाच आईबापाची, म्हणून आपसात सोयरीक करत नाहीत. इन्चॉनचे यी हेही होंमधूनच फुटलेले मानतात, त्यामुळे तेही वर्ज्य. आपल्याकडच्या सगोत्रासारखंच. एकच आडनाव, एकच मूळ असेल तर लग्न नाही, असा तिकडे कायदाच होता. तो तिथल्या घटना न्यायालयाने १९९७ मध्ये मोडीत काढला.

आमच्या ऑफिसात एक वयस्कर किम साहेब आहेत. पहिल्या भेटीत मला म्हणाले, माझी आजी तुमच्या देशाची. मला वाटलं खरंच आजी भारतीय असेल, मी लागले चौकशी करायला. तर ही आजी! दोन हजार वर्षांपूर्वीची. पण त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती. शंकासुर यांनी होडीची छिद्रं मोजावीत, पण त्या होडीमुळे आजही तिकडे लग्नं जुळतात आणि मोडतात.

शंकासुर

हे मात्र पटलं. इतिहास नसेल, पण सोयरिकीचा नियम खरा आहे.

कातळशिल्प

राणीने आणलेल्या दगडी स्तूपाबद्दल कुणीच बोललं नाही. समुद्र शांत राहावा म्हणून बापाने जहाजात घालून दिला होता म्हणे. तो पासा स्तूप किमहेत आजही आहे, तिच्या समाधीशेजारी. दगडांचा ढीग म्हणा हवं तर, पार झिजलाय. इर्यॉनने त्याचं वर्णन केलंय : चौकोनी, पाच थरांचा, दगडावर फिकट तांबूस डाग, या देशातला दगड नव्हे. आणि लगेच पुढे प्रामाणिकपणे म्हणतो, की त्या काळी इकडे बुद्धाचा धर्म पोचलेलाच नव्हता, मठ वगैरे काही नव्हतं. राणीच्या नावाने मंदिर झालं ते थेट ४५२ मध्ये. स्वतःच्याच गोष्टीला अडचणीत आणणारी माहिती त्याच पानावर देणारा लेखक मला तरी भोळा वाटत नाही.

आता मिरुक्साची गोष्ट. माझ्या मते या पुस्तकाची सगळ्यात मोठी परीक्षा तिथे झाली.

पेकचेमध्ये एक गरीब पोरगा रानात रताळ्यासारखे कंद खणून विकायचा. त्याला कळलं की सिल्लाची राजकन्या सॉनह्वा फार सुंदर आहे. गडी राजधानीत गेला, गल्लीतल्या पोरांना कंद वाटले आणि बदल्यात त्यांना एक गाणं शिकवलं : राजकन्या रात्री गुपचूप कंदवाल्याला भेटते. पोरं काय, गावभर गात सुटली. बातमी दरबारात पोचली, राजकन्येला हाकललं, आणि वाटेत हा उभाच! बदनामीची मोहीम चालवायला समाजमाध्यमं लागत नाहीत, कंद पुरतात. पुढे हा गडी पेकचेचा राजा मू झाला आणि राणीच्या हट्टापायी तळं बुजवून मिरुक्सा हा मठ बांधला.

मठ इक्सानला होता. त्याचा पश्चिमेकडचा दगडी स्तूप दुरुस्तीसाठी उतरवत असताना जानेवारी २००९ मध्ये आत अस्थिकरंडक सापडला आणि सोबत सोन्याचा पत्रा. त्यावर साल येतं ६३९ आणि दान देणारी राणी कोण? साथेक घराण्यातली, पेकचेच्याच एका बड्या मानकऱ्याची मुलगी. सिल्लाच्या राजकन्येचं नावही नाही. चौदाशे वर्षं पोरांनी गायलेलं गाणं एका पत्र्यापुढे उघडं पडलं.

तांबडफुटी

@कातळशिल्प, इतकी घाई नको. तो पत्रा एका स्तूपातला आहे. मिरुक्सात तीन स्तूप होते, मधला लाकडी केव्हाच गेला. मूची कारकीर्द चाळीस वर्षांची, त्याला एकापेक्षा जास्त राण्या असू शकतात. कोरियातले अभ्यासक अजून भांडतायत यावर.

दुसरं म्हणजे, इर्यॉनच्या हातात जी जुनी पोथी होती तिच्यात या राजाचं नाव ‘मुगांग’ होतं. त्याने टीप दिली आहे, की पेकचेमध्ये मुगांग नावाचा राजाच नव्हता, सबब हे चूक, आणि नाव ‘मू’ केलं. म्हणजे गोष्ट राजा मूला चिकटवली ती संपादकाच्या दुरुस्तीने. पण त्याने दुरुस्ती लपवली नाही, म्हणून आपण आज हे बोलू शकतोय.

कातळशिल्प

मुगांगची टीप मान्य. राण्या चार असतील नाहीतर चाळीस, पत्र्यावर एकच आहे.

निवांत_नाना

लहानपणी ऐकलेली राजाच्या कानांची गोष्ट यात आहे का? नातवाच्या कोरियन कार्टूनमध्ये बघितली.

पिंपळपान

आहे ना, नाना. राजा ग्योंगमुन, नवव्या शतकातला. गादीवर बसला आणि कान गाढवासारखे वाढले. गुपित फक्त मुकुट-टोपी शिवणाऱ्याला माहीत. जन्मभर त्याने तोंड मिटून ठेवलं, मरायला टेकला तेव्हा बांबूच्या बनात जाऊन ओरडला. मग वारा आला की बांबू ओरडायचे, राजाचे कान गाढवाचे! राजाने बांबू तोडून दुसरी झाडं लावली, तर ती म्हणायला लागली, राजाचे कान लांब आहेत. आपल्याकडे टोपीवाल्याच्या जागी न्हावी असतो, ग्रीकांकडे राजा मिडास. कुठून कुठे गेली असेल कुणास ठाऊक. पण झाडं बदलल्यावर भाषा थोडी सौम्य होते, ही मखलाशी मला इथेच भेटली.

गोधडी

लेखात वाघिणीची प्रेमकथा म्हणून आशेला लावलंत आणि सांगितली नाहीत. हे बरं नव्हे.

दुभाषी

मी सांगते, ही माझी लाडकी आहे.

सिल्लात अशी रीत होती की वर्षाच्या दुसऱ्या चांद्रमहिन्यात, अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत, ग्योंगजूतल्या हुंगन्युनसा मठाच्या स्तूपाला बायका-पुरुषांनी प्रदक्षिणा घालायच्या. एका रात्री किम ह्यॉन नावाचा तरुण उशिरापर्यंत एकटाच फिरत होता. मागून एक मुलगी नामजप करत प्रदक्षिणा घालत आली. नजरानजर झाली, मन जुळलं. ती नको नको म्हणत असताना तो तिच्या मागे घरी गेला. डोंगराच्या कुशीत झोपडी, आत म्हातारी. म्हातारी म्हणाली, झालं ते झालं, पण हिचे भाऊ येतील, याला लपव. तीन वाघ डरकाळ्या फोडत आले. माणसाचा वास येतोय, भूक भागली म्हणाले. तेवढ्यात आकाशवाणी झाली, तुम्ही फार जीव घेतलेत, एकाला शिक्षा होणार. तिघांची तोंडं उतरली. मुलगी म्हणाली, तुम्ही दूर निघून जा, शिक्षा मी घेते. भाऊ शेपट्या घालून पळाले!

मग ती किमला आत जाऊन सांगते : आपली जात वेगळी असली तरी एका रात्रीचा संसार झालाय. मी उद्या नगरात शिरून धुमाकूळ घालीन. राजा मोठं पद जाहीर करील. तू भिऊ नकोस, उत्तरेच्या रानात ये, मी वाट बघेन. तो म्हणतो, बायकोच्या जिवावर पद कसं मिळवू? ती म्हणते, माझं मरण ठरलेलंच आहे, एका मरणात पाच लाभ साधतात. माझ्या नावाने एक मठ बांध आणि सूत्रं वाचवून घे.

दुसऱ्या दिवशी तसंच होतं. रानात ती मुलीच्या रूपात हसत समोर येते, त्याचीच तलवार ओढून गळ्यावर चालवते आणि पडते ती वाघीण होऊन. पण त्याआधी काय सांगते माहितीये? आज माझ्या नखांनी जे जखमी झालेत त्यांच्या जखमांना हुंगन्युनसा मठातलं सोयाबीनचं आंबवलेलं जांग लावा आणि त्या मठातल्या शंखाचा आवाज ऐकवा, बरे होतील. मरताना हिला फर्स्ट एड आठवतंय! आणि इर्यॉन लिहितो, लोक अजूनही हा उपाय करतात. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा त्या जांगपाशी रडू आलं, प्रेमापाशी नाही.

गोधडी

भावांना काडीची लाज नाही. बाकी काय बोलू.

जुनाट_पोथी

उशिरा आलो. एक नोंद करावीशी वाटते. म्हाइंभटांनी रिद्धपूरला लीळाचरित्र सिद्ध केलं ते १२७८ च्या सुमारास. म्हणजे इकडे चक्रधरांच्या आठवणी ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन एक माणूस गोळा करतोय, आणि त्याच दशकाच्या आगेमागे तिकडे इर्यॉन जुन्या पोथ्या, शिलालेख, गावातली माणसं धुंडाळतोय. एकमेकांचा पत्ता असण्याचा प्रश्नच नाही. दोघांनाही पाठभेद फेकून देववत नाहीत. इर्यॉन ठिकठिकाणी ‘दोन्ही पाठ ठेवतो’ म्हणून मोकळा होतो. फरक मोठा आहे तो भाषेचा. म्हाइंभट लोकांच्या मराठीत लिहितो, इर्यॉन परक्या चिनीत.

तांबडफुटी

@जुनाट_पोथी, पूर्ण परक्या नाही. त्याने चौदा ‘ह्यांगगा’ गाणी मूळ कोरियन भाषेत राखली आहेत. लिपी चिनी, पण काही अक्षरं अर्थासाठी, काही नुसत्या उच्चारासाठी वापरलेली. ती गाळली असती तर सिल्लाची कविता जवळपास गेलीच होती. त्याखेरीज आणखी अकरा एका भिक्खूच्या चरित्रात उरली, बस. वॉलम्यॉंग नावाच्या भिक्खूचं मेलेल्या बहिणीसाठीचं गाणं त्यातच आहे. एकाच फांदीवर फुटलो आणि तुझं पान कुठे उडून गेलं ते मला कळत नाही, अशा आशयाचं. चोयोंगचं गाणंही त्यातलंच. रात्री उशिरा घरी येऊन बघतो तर अंथरुणात चार पाय. दोन माझ्या बायकोचे, उरलेले कुणाचे? ते असतात देवीच्या रोगाच्या पिशाचाचे. तो भांडत नाही, गाणं म्हणून नाचत बाहेर पडतो, पिशाच ओशाळून पाया पडतं. तेव्हापासून लोक दारावर चोयोंगचं चित्र लावू लागले. त्या मुखवट्यांच्या नाचाला २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.

शंकासुर

बाकी सगळं ठीक, पण या पुस्तकाचा राजकीय वापर कुणी सांगणार आहे की नाही? अस्वलाच्या पोटी जन्मलेला तानगुन, इसवी सनापूर्वी २३३३ मध्ये देश स्थापन केला म्हणे. त्याची सुट्टी ३ ऑक्टोबरला दक्षिण कोरियात सरकारी. आणि उत्तर कोरियाने तर त्याची हाडं सापडल्याचं जाहीर करून १९९४ मध्ये थडगंही बांधून टाकलं.

पिंपळपान

सांगतो. तानगुनची आज हाती असलेली सगळ्यात जुनी लिखित कथा यातच आहे, किम बुशिकने ती घेतलीच नव्हती. अस्वल आणि वाघीण माणूस व्हायचंय म्हणून देवाकडे येतात. देव मूठभर दवणा आणि लसणाच्या वीस पाकळ्या देऊन सांगतो, शंभर दिवस ऊन बघू नका. वाघीण कंटाळून पळते, अस्वल एकविसाव्या दिवशी बाई होते. तिचा मुलगा तानगुन. २३३३ हा आकडा मात्र इर्यॉनचा नाही, तो पुढच्या इतिहासकारांनी चिनी सम्राट याओच्या कालगणनेवरून बसवला.

आणि तानगुनचा आजोबा, स्वर्गाचा स्वामी ह्वानिन, हा कोण? इर्यॉन नावाशेजारी बारीक अक्षरात टीप देतो : म्हणजे शक्र. आपला इंद्र! कोरियन राष्ट्राच्या मूळपुरुषाचा आजोबा इंद्र, हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. राजकन्येच्या फॉरवर्डवाल्यांना हे अजून सापडलेलं नाही, कृपया कुणी पाठवू नका.

मंगोलांनी देश चिरडलेला असताना ‘आमचा राजा स्वर्गातून आला होता आणि चीनच्या याओच्या बरोबरीचा होता’ असं पहिल्या पानावर लिहिणं, हे राजकारण आहेच. पण ते त्याचं आहे. थडगं बांधणाऱ्यांचं त्याच्या माथी मारू नका.

निवांत_नाना

वाचायचं असेल तर कुठून सुरुवात करू? इंग्रजी चालेल.

पिंपळपान

हा तेहुंग आणि ग्राफ्टन मिंट्झ यांचं १९७२ चं इंग्रजी भाषांतर आहे, जुनं पण वाचनीय. सुरुवातीच्या राजावळीत अडकू नका. सरळ पाचवा खंड उघडा, मग मागे या. चौथ्या खंडात भारताकडे गेलेल्या भिक्खूंचं छोटं प्रकरण आहे, ते चुकवू नका. आर्यवर्मन नाव घेतलेला एक सिल्लाचा भिक्खू नालंदेला राहिला, ताडपत्रांवर ग्रंथ उतरवून घेतले, घरी जायची ओढ होती पण तिथेच सत्तरीत वारला. तिथेच एक गंमतही आहे : भारतातले लोक सिल्लाला ‘कुक्कुटेश्वर’ म्हणत, कारण तिथे कोंबड्याला देव मानतात आणि त्याची पिसं डोक्यात खोवतात.

आणि पाचवाच खंड आधी का, त्याचं आणखी एक कारण. संपूर्ण पुस्तकात इर्यॉनचं नाव लेखक म्हणून फक्त त्या खंडाच्या सुरुवातीला आहे. इनगाकसा मठात, जिथे तो वारला, तिथे १२९५ चा शिलालेख आहे. वांग शिझी या जुन्या चिनी सुलेखनकाराची अक्षरं वेचून तो कोरला. लोकांनी ठसे घेऊन घेऊन दगड झिजवला, पण मजकूर प्रतींमध्ये उरला आहे. त्यात त्याच्या ग्रंथांची यादी आहे, शंभरावर खंड भरतील एवढी. तीत ‘सामगुक युसा’ नाही.

शंकासुर

म्हणजे लेखकाबद्दलही शंका घ्यायला जागा आहे! आधी सांगायचं ना राव. थांबा, जेवून येतो.